बिजली, मंद्या आणि नदीकाठचे रविवार

दोस्तांनो, कासव पाळायला आवडेल का तुम्हांला? थांबा, थांबा, लगेच आईबाबांकडे हट्ट धरू नका! पाठीवर चांदण्या असलेलं आपल्याकडचं कासव घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. मी पाळलेलं कासव ना अंगणात होतं, ना काचेच्या पेटीत. ते होतं माझ्या कॉम्प्युटरमध्ये, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात!

हा खेळ 'ब्लिझर्ड' या अमेरिकन कंपनीने २००४ साली आणला. इंटरनेटवरून हजारो माणसं एकाच काल्पनिक जगात शिरतात आणि प्रत्येक जण एकेक सोंग घेतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा पुजारी. २०१० साली पैसे भरून हा खेळ खेळणाऱ्यांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली होती. पुढे खेळ फार बदलला. मग २०१९च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याचं जुनं रूप 'क्लासिक' या नावाने पुन्हा सुरू केलं. मी खेळते ते हे जुनं रूप. (पालकांनो, खेळात मारामारी आहे आणि अमेरिकेत तो १३ वर्षांपुढच्या मुलांसाठी ठरवलेला आहे. दरमहा पैसेही भरावे लागतात, हे आधीच सांगून ठेवते!)

माझं सोंग शिकारणीचं. शिकाऱ्याची गंमत अशी, की दहाव्या पातळीला पोचलं की रानातलं जनावर माणसाळवता येतं. मग ते तुमच्या मागेमागे फिरतं, तुमच्यासाठी लढतं. मी बुटक्या लोकांच्या बर्फाळ मुलखातली, म्हणून माझा पहिला सोबती तिथलाच हिमबिबट्या. तिचं नाव बिजली. शत्रू दिसला की ही झेप घेऊन त्याच्या उरावर! बिजलीच्या जोरावर मी ३१व्या पातळीपर्यंत आले.

माझ्याबरोबर खेळते माझी १४ वर्षांची भाची. तिचं सोंग पुजारणीचं. गेल्या जूनमध्ये तिच्या बाबांची बदली झाली आणि ती मंडळी साताऱ्याहून बंगळूरला गेली. नवी शाळा, कन्नडचा गंध नाही, मधल्या सुट्टीत डबा खायला शेजारी कुणी नाही. फोनवर "कसं चाललंय गं?" विचारलं की "बरं चाललंय" एवढंच उत्तर. दर रविवारी संध्याकाळी तासभर आम्ही खेळायचो, तेव्हा मात्र कानाला हेडफोन लावून ती चार शब्द बोलायची. तेही "मावशी, डावीकडे बघ!" असलेच.

एकदा ती म्हणाली, "मावशी, सगळे शिकारी बिबटे नाहीतर लांडगे घेऊन फिरतात. आपण कासव घेऊन बघू या?"

"कासव? ते का म्हणून?"

"कुणीच घेत नाही म्हणून."

आता यावर काय बोलणार! चार रविवार कासव, मग निकाल, असं ठरलं. साऊथशोर नावाच्या गावी तबेला आहे, तिथे बिजलीला ठेवलं. तबेल्यात जनावर उपाशी राहत नाही, पण पुढेही सरकत नाही बरं का! मी पातळ्या चढत जाणार आणि बिजली ३१वरच थांबणार. माझा पाय तिथून निघेना.

गावाजवळच्या नदीत 'स्नॅपजॉ' जातीची कासवं असतात. जनावर माणसाळवायला २० सेकंद लागतात. एवढ्याशा वेळात काय होतंय, असं वाटलं ना? अहो, ते २० सेकंद तुम्ही जागचं हलायचं नाही, बाण सोडायचा नाही, आणि ते जनावर तुम्हांला चावत असतं! मी मुकाट मार खात उभी, भाची मागून माझ्या जखमा भरतेय, असं करत एकदाचं कासव आमचं झालं. त्याला नाव एकदाच ठेवता येतं. भाचीने ठेवलं, मंद्या.

आणि मग खरी मजा सुरू झाली. या जुन्या खेळात जनावराला भूक असते आणि मूडही असतो! त्याच्या चित्राशेजारी एक छोटा चेहरा दिसतो. हिरवा चेहरा म्हणजे स्वारी खूश, ती नेहमीपेक्षा २५ टक्के जोरात लढणार. पिवळा म्हणजे ठीकठाक. लाल म्हणजे रुसवा, आणि जोर २५ टक्के कमी. शिवाय निष्ठेच्या सहा इयत्ता. पहिलीत जनावर 'बंडखोर' असतं आणि सहावीत 'जिवलग मित्र'. नव्या जनावराला पहिलीपासूनच सुरुवात करावी लागते. ते फार दिवस रुसलेलं राहिलं तर सरळ पळून जातं, ते कायमचंच!

बिजलीला मांस चालायचं आणि मांस काय, कुठल्याही शिकारीत मिळायचं. मंद्या मांसाला तोंड लावेना. कासवाचं खाणं म्हणजे मासे, फळं आणि अळंबी. फळं दुकानात मिळतात, पण त्याला पैसे पडतात. मासे फुकट! म्हणून मी खेळातली मासेमारी शिकले. पाण्यात गळ टाकायचा, तरंगणाऱ्या खुणेवर डोळा ठेवायचा, ती बुडबुडली की पटकन क्लिक करायचं. पुन्हा गळ, पुन्हा वाट. माझ्याइतकं चुळबुळ्या माणसाचं हे कामच नव्हे! पण मंद्याचा चेहरा पिवळ्याचा लाल होताना बघवत नव्हता.

तर अशा आम्ही दोघी नदीकाठी बसलेल्या. लढाई नाही, यती नाही, काही नाही. दुसऱ्या रविवारी, सातवा की आठवा मासा असेल, भाची एकदम म्हणाली, "मावशी, आमच्या वर्गात ना, मला मराठीत काहीतरी बोलायला लावतात आणि हसतात." मी गळ टाकला. काही विचारलं नाही. मग ती बोलतच राहिली. बसमधली जागा, कन्नडच्या बाई, एकटीने खाल्लेला डबा. त्या संध्याकाळी आम्ही एकही शत्रू मारला नाही. मासे मात्र ३० पकडले.

लढताना मंद्याची आणखी एक तऱ्हा. त्याचा चावा बिजलीपेक्षा हलका. मी घाईने बाण सोडले की शत्रू त्याला सोडून माझ्याकडे वळायचा. म्हणून आधी त्याला चार चावे घेऊ द्यायचे, मग धनुष्य उचलायचं. मात्र त्याची पाठ टणक, आणि कवचात अंग घेतलं की १२ सेकंद त्याला लागणारा मार निम्मा!

तिसऱ्या रविवारी त्याची परीक्षा झाली. यतींच्या गुहेत दोन यती मंद्यावर तुटून पडले होते, तेवढ्यात मागून तिसरा आला. भाचीची मंत्रशक्ती संपली. "मावशी, आता मी काय करू?" तिचा आवाज रडवेला. खेळाचा नियम असा, की पुजाऱ्याने ५ सेकंद एकही मंत्र म्हटला नाही तर शक्ती आपोआप परत भरू लागते. मी म्हटलं, "काही करू नकोस. नुसती उभी राहा." आणि मंद्याला कवचात घेतलं. तीन यती त्याला बडवतायत, आम्ही सेकंद मोजतोय. अकराव्या सेकंदाला भाचीने उरल्यासुरल्या शक्तीचा मंत्र म्हटला आणि मंद्या तगला. शेवटचा यती पडला तेव्हा त्याच्या अंगात चिमूटभर जीव उरला होता. भाची इतकी ओरडली, की तिची आई खोलीत धावत आली.

चौथ्या रविवारी निकाल लागायचा होता. पण भाचीने आधी दुसरीच बातमी दिली. वर्गातल्या एका मुलीने तिच्या डब्यातलं थालीपीठ चाखून "याला काय म्हणतात?" असं विचारलं होतं. "तिला 'थालीपीठ' म्हणता येत नाही गं मावशी! मग मी तिला शिकवलं. तिने मला अक्की रोट्टी शिकवली."

निकाल? तो लागलाच नाही. बिजलीला किती दिवस तबेल्यात ठेवणार? आता एक रविवार बिजलीचा, एक रविवार मंद्याचा. नदीवर मात्र आम्ही दर रविवारी जातो. बिजलीलाही मासे चालतात.