मावशींना स्कूटी येत नाही!

‘गाडी चालवता येते का?’ पोशीरला लेकीला सांभाळायला बाई शोधताना माझा पहिला प्रश्न हाच. नेरळ स्टेशन रिक्षेच्या अंतरावर, आमचे डॉक्टरही तिकडेच. एक होती स्कूटीवाली, एकदम स्मार्ट. दुसऱ्या मावशी. त्यांना साधी सायकलही येत नाही!

२०१७ च्या कायदा-दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसांना पाळणाघर सक्तीचं केलं. फ्रीलान्सरच्या वाट्याला मात्र फक्त डेडलाइन! म्हणून मावशींना थेट विचारलं, ‘मी मुंबईत आणि हिला ताप चढला तर?’

‘समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारीन. नाहीच आला तर १०८ आहे. पण ताई, एकटी बाई स्कूटी चालवणार, तर तापलेलं पोर धरणार कोण?’

खरं सांगू? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता फ्रिजवर तीन रिक्षावाल्यांचे नंबर चिकटवलेत. लेक मावशींबरोबर रोज गावभर पायी फिरते. कल्याणला लोकल रखडली की अजूनही छातीत धस्स होतं. मग आठवतं, घरी तिच्यासाठी दोन हात मोकळे आहेत.