न आठवणारी धाव

मामाला पटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, एकेक जोडी आठवते. कोणता बैल जू मानेवर आलं की थरथरायचा, कोणता गर्दीला बुजायचा, कोणाला नुसती शेपटीजवळ हाताची थाप पुरायची, सगळं आठवतं. आठवत नाही ती एकच धाव. त्या धावेत तो छकड्यावरून फेकला गेला. शिवळा घातल्या, कासरा हाताला गुंडाळला, इथवर त्याचं सांगणं नीट चालतं. त्यापुढे एकदम अकोल्याच्या दवाखान्याचं छत. मध्ये काही नाही. कोणी खोदून विचारलंच तर तो म्हणतो, "मले काय इचारता बाप्पा, मी तथी नव्हतोच."

शेलूबाजारच्या चौकात मात्र ती धाव अजून पळते. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि कारंज्याहून मालेगावकडे जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गावाजवळून समृद्धी महामार्ग गेल्यापासून चौकात रोज कुठल्या ना कुठल्या गाडीच्या अपघाताची बातमी असते. तरी हिवाळ्यात, सोयाबीन विकून झालं, तुरी खळ्यावर आल्या की चहाच्या टपरीवर बोलणं पटावर येतं आणि मग मामाच्या त्या धावेवर. एकाच्या मते डावं चाक धुऱ्याला लागलं. दुसरा म्हणतो, चाकाचा काही दोष नाही, उजवा बैल बाजूच्या जोडीला बुजला. मामा हवेत किती उंच उडाला, हे सांगताना प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीवर थांबतो. मामा तिथेच बाकावर बसलेला असतो आणि शेजारच्या गावातल्या कोणाची तरी हकिकत चालली असावी तसा कान देऊन ऐकतो. मधूनच विचारतो, "मंग? बैल थांबले का नाही?" त्याला पहिली काळजी बैलांची.

डोक्याला मार बसला की असं होतं. घडलेली गोष्ट मेंदूत पक्की बसायला थोडा अवधी लागतो. विरजण लागण्याआधी भांडं हिंदकळावं तसं काहीसं. त्यामुळे आपटण्याचा क्षण तर जातोच, त्याच्या आधीची मिनिटं, कधी तास, कधी महिनेही जातात. जखम भरते, टाके निघतात, आपटण्यालगतचा तो काळ बहुतेकदा परत येत नाही.

हे समजून घेताना मला बॉबी ॲलिसन भेटला. अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती होतात. दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या गाड्या, लंबगोल मैदान, कडेला काँक्रीटची भिंत आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या घरातला वेग. ॲलिसन त्या खेळातला फार मोठा माणूस. 14 फेब्रुवारी 1988 रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्याने डेटोनाची सगळ्यांत मानाची शर्यत जिंकली आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला तो त्याचाच मुलगा डेव्ही. बाप पहिला, लेक दुसरा. असा दिवस एखाद्याच घराच्या वाट्याला येतो. चारच महिन्यांनी, 19 जूनला, पोकोनोच्या मैदानावर पहिल्याच फेरीत त्याच्या गाडीचा टायर बसला, गाडी कठड्याला धडकली आणि मागून आलेली दुसरी गाडी थेट त्याच्या बाजूच्या दारावर आदळली. तो जगला, पण पुन्हा त्या दर्जाच्या शर्यतीत उतरला नाही. आणि डेटोनाचा तो दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला. पुढे 1992 मध्ये धाकटा मुलगा क्लिफर्ड शर्यतीच्या सरावात गेला, 1993 मध्ये डेव्ही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. दोन्ही मुलांचं जाणं बापाला आठवत राहिलं आणि थोरल्याबरोबरचा सर्वांत आनंदाचा दिवस तेवढा आठवेना. 2024 मध्ये ॲलिसन वारला. त्या शर्यतीचं चित्रीकरण जगात कोणीही पाहू शकतो, त्यानेही पाहिलं. पण पाहणं वेगळं आणि आठवणं वेगळं. यापेक्षा क्रूर जखम मला माहीत नाही.

त्या धावेत मामाची मांडीही मोडली होती. आत सळई घातली. मांडीचं हाड माणसाच्या शरीरातलं सर्वांत लांब हाड, ते जुळायला महिने लागतात, आणि हाड जुळलं म्हणजे पाय आला असं होत नाही. निजून राहिल्याने मांडीचं मांस उतरतं, गुडघा आखडतो. मामी सकाळ-संध्याकाळ त्याच्या टाचेखाली हात घालून पाय हळूहळू दुमडायची आणि तो उशीचा कोपरा दातात धरायचा. आधी वॉकर, मग कुबडी, मग काठी. डॉक्टर फोटो काढून हाड किती भरलं ते सांगायचे. घराचं मोजमाप दुसरं होतं, मामाला मांडी घालून बसता येतं का? पंगतीत सगळे जमिनीवर आणि हा एकटा खुर्चीवर, ही गोष्ट त्याला दुखण्याहून जास्त लागायची. ज्या दिवशी तो भिंतीला हात लावत खाली बसला आणि डावा पाय उजव्याखाली सरकवून ताटापुढे स्थिर झाला, त्या दिवशी मामीने कोणाला काही न सांगता पुरण घातलं.

बरं झाल्यावर परत गाडीवर बसायचं की नाही, हा प्रश्न सगळ्याच शर्यतवाल्यांना छळतो. अर्नी अर्व्हन नावाचा चालक 20 ऑगस्ट 1994 रोजी मिशिगनच्या मैदानावर सराव करताना इतका जबर जखमी झाला की डॉक्टरांनी वाचण्याची आशा दहा टक्के सांगितली. वर्षभराने तो एका डोळ्यावर पट्टी बांधून शर्यतीत उतरला. 1997 मध्ये त्याच मिशिगनला जिंकलाही. मग 20 ऑगस्ट 1999 रोजी, तीच तारीख, तेच मैदान, पुन्हा अपघात. थोड्याच दिवसांत त्याने खेळ सोडला. परत येण्याचं कौतुक सगळे करतात. मला त्याचं सोडणं जास्त धैर्याचं वाटतं.

मामाला हा निर्णय घ्यावाच लागला नाही. तो काठी टाकून चालायला लागला त्या सुमारास, 7 मे 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. तुतारीच्या आरीने रक्त काढलेले पुठ्ठे मी पाहिलेले आहेत, म्हणून ती बंदी मला अन्यायाची वाटली नाही. मामालाही नाही, पण पटाचे दिवस आले की तो उगाच गोठ्यात जाऊन बसायचा. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानेही ती उचलून धरली. आता बैलाला पशुवैद्याचा दाखला लागतो, काठी-टोचणी चालत नाही, धाव हजार मीटरच्या आत हवी. योग्यच आहे. तोवर मामाचं वय निघून गेलं होतं.

धुरकऱ्याची काळजी मात्र अजून आपण त्याच्या नशिबावर सोडतो. डोक्याला रुमाल, पायात काही नाही, हाताला कासऱ्याचा वेढा. स्टॉक कारवाल्यांना शहाणपण यायला 18 फेब्रुवारी 2001 उजाडावा लागला. त्या दिवशी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत त्यांचा सर्वांत लाडका चालक डेल अर्नहार्ट भिंतीला धडकून गेला. त्यानंतर मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का सोसणारं अस्तर आलं, आणि पुढे त्यांच्या वरच्या मालिकांच्या शर्यतींत एकही चालक दगावला नाही. मैदान तेच होतं, वेगही फारसा उतरला नव्हता. बदलली ती माणसाच्या डोक्याची किंमत.

मामा आता पटाच्या दोरीपाशी उभा राहून पोरांना शिकवतो. कासरा मनगटाला गुंडाळू नका, मुठीत धरा, सुटायचा तर सुटू द्या. पडलात तर चाकापासून बाहेरच्या अंगाला लोळा. हे तो कुठून शिकला, असं एका पोराने विचारलं, तर म्हणाला, "लोकायनं सांगतलं." मागच्या मोसमात एक पोरगा मोटारसायकलचं हेल्मेट घालून छकड्यावर चढला. पब्लिक हसलं, शिट्ट्या वाजल्या, पोरगा ओशाळून ते काढायला लागला. मामा लंगडत पुढे गेला, त्याने हेल्मेट परत त्याच्या डोक्यावर दाबलं, हनुवटीखाली दोन बोटं घालून पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "ढिला हाय. आवय अजून. मंग सोड जोडी."