पाटीमागची शाळा

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एक नवं खातं आलं आहे, अर्ज लिहून देण्याचं. नारायणगडाच्या पंचक्रोशीतली माणसं दर्शनाला आली की जाता जाता माझ्या ओट्यावर टेकतात आणि पिशवीतून कागदांची पुडकी काढतात. गड म्हणजे आमची धाकटी पंढरी, त्यामुळे एकादशीला माझं हे कार्यालय जरा जास्तच चालतं. पूर्वी अर्ज कागदावर असत, आता मोबाईलवर असतात. तिथे नातू मदत करतो. पण कुठल्या रकान्यात काय भरायचं, हे अजून तरी मलाच विचारतात. असो.

यात माजी सैनिकांचे कागद बरेच असतात. आमच्या कोरडवाहू भागात पोरांपुढे दोनच वाटा ठळक दिसतात. एक कोयता घेऊन कारखान्याकडे जाणारी आणि दुसरी पहाटे डांबरी रस्त्यावर धावून भरतीच्या मैदानाकडे जाणारी. दुसऱ्या वाटेने गेलेले पंधरा-वीस वर्षांनी परत येतात, तेव्हा त्यांची मुलं कॉलेजच्या वयाची झालेली असतात. मग सुरू होतो शिष्यवृत्तीचा प्रवास.

केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना त्यातली सगळ्यात मोठी. बारावीला किमान ६० टक्के हवेत, अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा आणि संस्था मान्यताप्राप्त हवी. २०१९ सालापासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. देशभरातून वर्षाला साडेपाच हजार मुलं निवडायची, निम्मी मुली आणि निम्मे मुलगे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून वर जातो आणि पैसे थेट मुलाच्या खात्यावर येतात. योजना चांगली आहे, याबद्दल वाद नाही.

आता या अर्जाला काय काय लागतं ते पाहा. वडिलांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचं ओळखपत्र, मुलीचं गुणपत्रक, आधार, बँकेचं पासबुक आणि शेवटी कॉलेजचं बोनाफाईड. बापाने देशाची नोकरी खरंच केली का, मुलगी खरंच त्याची का, तिला खरंच तेवढे गुण पडले का, या सगळ्याचे पुरावे घरच्यांनी द्यायचे. कॉलेजने फक्त एक शिक्का द्यायचा. सगळ्या पुडक्यात हा एकच कागद असा, की तो देणारा स्वतः कोण आहे हे मुलीच्या बापाला तपासता येत नाही.

हे मला नीट कळलं ते एका हवालदाराच्या मुलीमुळे. हवालदार माझ्याच हाताखाली शिकलेला. मुलगी हुशार, नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घेतला. कॉलेज दूरच्या एका शहरात होतं, नाव सांगत नाही. भली मोठी पाटी, गेटवर वॉचमन, आत संगणकावर बसलेली माणसं. मान्यतेचं पत्र मागितलं तर तेही दाखवलं. मात्र ते आधीच्या वर्षाचं होतं आणि त्या वर्षाची मान्यता आलेलीच नव्हती. फी रोख घेतली, पावती "नंतर देतो" म्हणाले. वर्ष सरत आलं तरी विद्यापीठाच्या परीक्षेचा पत्ता नाही, तेव्हा खरं बाहेर आलं. हवालदार माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, माझे सगळे कागद तीन-तीनदा तपासले. त्यांचा एक कागद कुणीच कसा नाही तपासला?"

मुलीने पुढच्या वर्षी दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फी गेली ती गेलीच, पण वयाचं एक वर्ष गेलं, त्याचा हिशोब कुठल्या खात्यावर टाकायचा?

मग मी वाचायला घेतलं. हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९४४ साली जी.आय. बिल नावाचा कायदा केला. वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकार थेट शिक्षणसंस्थेला द्यायचं. लाखो सैनिक त्यातून शिकले. पण पैसा दिसताच धंदेशिक्षणाच्या हजारो खाजगी शाळा रातोरात उभ्या राहिल्या. काही ठिकाणी शिकवणं नावाला आणि बिलं मात्र पूर्ण. टेक्ससचे खासदार ओलिन टीग यांच्या समितीने हे सगळं चव्हाट्यावर आणलं आणि कोरियन युद्धाच्या सैनिकांसाठी १९५२ साली जो कायदा झाला, त्यात नियम बदलले. पैसे शाळेऐवजी सैनिकाच्या हातात जाऊ लागले. नव्या शाळेला किमान दोन वर्षं चालून दाखवण्याची अट आली.

तिसरा नियम मला फार आवडला. अभ्यासक्रमातली ८५ टक्क्यांपेक्षा जास्त मुलं सरकारी पैशावरची असता कामा नयेत. म्हणजे शंभरातली पंधरा तरी स्वतःच्या खिशातून फी भरणारी हवीत. यामागचा विचार साधा आहे. स्वतःचे पैसे घालून कुणी शिकायला येत नसेल, तर त्या शिकवण्यात काहीतरी खोट आहे. आमच्या आठवडी बाजारातल्या म्हातारीलाही कळेल असा हा नियम! ज्या दुकानात दुकानदाराच्या ओळखीचं गिऱ्हाईक सोडून कुणी फिरकत नाही, तिथला माल ती आधी हाताने चाचपून बघते.

आपल्याकडे पैसा कसा वाहतो, ते शिक्षक म्हणून मी आतून पाहिलं आहे. पट वाढला की तुकडी वाढते, तुकडी वाढली की शिक्षकाचं पद वाढतं, पद वाढलं की पगाराचं अनुदान वाढतं. पटावरचं प्रत्येक नाव म्हणजे पैसा. मग काही संस्थांमध्ये नावं वाढली आणि मुलं वाढली नाहीत. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. पटावर आहेत पण वर्गात नाहीत अशी सुमारे वीस लाख नावं निघाल्याचं तेव्हा जाहीर झालं. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं.

त्या पडताळणीची एक गोष्ट आमच्या बीडकरांच्या लक्षात राहण्यासारखी आहे. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. म्हणजे मोजणी झाली ती दसऱ्याच्या तोंडावर, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी. तीच मोजणी डिसेंबरात झाली असती, तर आमच्याकडचे कित्येक वर्ग ओस दिसले असते. ती मुलं काही बोगस नव्हेत हो! आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत असतात ती. सांगायचा मुद्दा असा की, तपासणाऱ्याला आकड्याबरोबर मुलूखही माहीत असावा लागतो. नाहीतर खरा गुन्हेगार सुटतो आणि ऊसतोड्याचं पोर बोगस ठरतं.

शिष्यवृत्त्यांचंही असंच झालं. महाविद्यालयांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या पैशांत घोटाळे निघाले, राज्य सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं. मग २०१७-१८ पासून महाडीबीटी आलं. माजी सैनिकांच्या पाल्यांची शैक्षणिक सवलतही आता त्यावरच आहे. वाटलं, आता पोर्टल आलं, चोरी थांबली. पण २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची तपासणी झाली, तेव्हा पाहिलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद असल्याचं निघालं. पाच वर्षांत १४४ कोटींचं नुकसान झाल्याचा हिशोब मंत्रालयाने मांडला आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. पोर्टल होतंच, आधार होतं, बँक खाती होती. फक्त कुणी जाऊन दार ठोठावलं नव्हतं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत तपासणीला साहेब यायचे. आम्ही घाबरायचो, भिंती सारवून घ्यायचो, पोरांना पाढे घोटून ठेवायचो. त्या तपासणीत नाटकही पुष्कळ असे, नाही असं नाही. पण साहेब वर्गात उभे राहून एखाद्या मुलाला वाचायला सांगायचे, आणि तो वाचायला लागला की शाळा आहे की नुसती पाटी आहे हे पाच मिनिटांत कळायचं. नंतर तपासणी कागदावर आली आणि मग पडद्यावर आली. साहेबांचा वेळ वाचला, पण मूल काही त्यांच्या नजरेस पडेना.

माझ्या अल्पबुद्धीला वाटतं ते सांगतो. ज्या संस्थेचं बोनाफाईड चालतं, तिची चालू वर्षाची मान्यता अर्ज मंजूर करण्याआधी देणाऱ्यानेच तपासावी, बापाच्या गळ्यात ते टाकू नये. वर्षातून एकदा न सांगता जावं आणि प्राचार्यांच्या खोलीत चहा घेण्याआधी मुलांशी बोलावं. फीची पावती अर्जाला जोडणं सक्तीचं करावं, म्हणजे "नंतर देतो" बंद होईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संस्था खोटी निघाली तर शिक्षा संस्थेला व्हावी, मुलाला नव्हे. अमेरिकेने २०१७ साली कायदा करून, शाळा बंद पडल्यामुळे वाया गेलेला लाभ सैनिकाला परत द्यायची सोय केली. आमच्या हवालदाराच्या मुलीच्या वाट्याला तसं काही आलं नाही. तिचं वर्ष गेलं ते गेलंच.

तोवर माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. अर्ज घेऊन कुणी आलं की आधी विचारतो, "कॉलेजचं यंदाचं मान्यतापत्र पाहिलंत का? विद्यापीठाच्या यादीत नाव आहे का? तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाशी बोललात का?" काहींना राग येतो. गुरुजी अजून परीक्षाच घेतात, म्हणतात. येऊ दे राग. सैनिकाला हिशोब सरळ ठेवायची सवय असते. त्याच्या मुलांच्या बाबतीत तो आपणही सरळ ठेवायला हवा.