हिरवे पांघरूण

पावसाळा सरला, की कोकणातील घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंच लावून घासण्यास निघतात. नवीन पनवेलसारख्या खाडीजवळच्या गावी हवा दमट व खारी. तेथे काही दिवस हात न लागलेले ताम्हन काळवंडते आणि पुढे त्याच्या कडांवर हिरवट जंगाल चढू लागतो. चिंचेतील आम्लाने तो विरघळतो व भांडे लख्ख होते. गृहिणीला ही झळाळी प्रिय. पुराणवस्तूंचे संशोधक मात्र तिला भितात!

असे का बरे? शतकानुशतके मातीत पडलेल्या काशाच्या वस्तूवर थरावर थर चढतात. धातूला लागून तांबूस थर असतो. तो तांबे व प्राणवायू यांच्या संयोगाने बनतो. त्यावर बहुधा हिरवे, घट्ट पूट असते. पांघरुणाप्रमाणे ते आतील धातूला जपते. वस्तूभोवती गुंडाळलेल्या वस्त्राचा ठसाही त्यात कधी कधी टिकून राहतो.

परंतु हिरवे ते सारेच हितकारक नव्हे. मातीतील मिठाचा अंश धातूत शिरला, तर दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटू लागते व वस्तू पोखरली जाते. याला ‘काशाचा रोग’ म्हणतात. म्हणून शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाने थर न्याहाळतात, क्ष-किरणांनी त्यांतील द्रव्ये ओळखतात आणि मगच उपचार ठरवितात.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे दायमाबादच्या कथेवरून कळते. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडुपाचे मूळ खणताना चार भरीव धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक! डॉ. म. के. ढवळीकरांनी ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानली. धातूच्या परीक्षणात मात्र १ टक्क्याहून अधिक सोमल आढळला. त्या काळच्या इतर वस्तूंत तो तसा आढळत नसल्याने काही पंडितांनी शंका घेतली. शास्त्रीय उत्खननात ती मिळाली असती, तर मातीच्या थरांनीच साक्ष दिली असती.

जमिनीचा थर असो वा धातूवरचे पूट, दोन्ही इतिहासाची पानेच होत. ती एकदा पुसली गेली, म्हणजे पुन्हा लिहिता येत नाहीत. शेतात वा विहिरीत एखादी जुनी वस्तू हाती लागली, तर ती घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. ती जिथे व जशी आढळली तशीच राहू द्यावी आणि जाणत्यांना बोलवावे.