माझीच कादंबरी

भाऊबीजेला दुबलगुंडीला गेले होते. अकरावीतली भाची माळवदावर फोनमध्ये इंग्रजी कादंबरी वाचत बसलेली. दोन मुली, आधी एकमेकींच्या वैरिणी, मग प्रेमात. "मावशी, आईला सांगू नकोस हं!"

मला तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आठवलं. १९८१ साली रंगभूमीवर आलेलं नाटक. मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. बीईला असताना मी ते होस्टेलवर वाचलं, पेपरचं कव्हर घालून. मित्राचं नमावर प्रेम, आणि शेवटी मित्रा जीव देते. पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी एका मैत्रिणीशी बोलणं सोडलं. भांडण वगैरे काही नव्हतं. तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाचा ३७७चा निकाल आला, तेव्हा ऑफिसात तिचा नंबर काढून बसले होते. लावला नाही.

"शेवटी काय होतं गं?" मी भाचीला विचारलं.

"दोघी एकत्र राहतात. मांजर पाळतात."

"बस, एवढंच?"

"मग अजून काय पाहिजे?"

खालून अक्कानं आवाज दिला, "काय वाचताय गं एवढं?"

भाचीचा चेहरा उतरला.

"माझी कादंबरी आहे, अक्का," मी म्हणाले. "तिला दाखवतेय."