सूर धरणारा माणूस

नाशिकला कॉलेजात कुणी गाव विचारलं की मी जव्हार सांगून मोकळा होतो. ‘वावर’ म्हटलं की वयस्कर माणसांचा चेहरा बदलतो. १९९२ साली कुपोषणाने इथली मुलं गेली आणि ‘वावर-वांगणी’ असं जोडनाव पेपरांत आलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. म्हणून गेल्या सुट्टीत हॉस्टेलच्या पोरांना वेगळंच सांगितलं, “आमच्याकडे रात्रभर ऑर्केस्ट्रा असतो. घरच्यांना घेऊन या.”

कुणी आलं नाही. बरंच झालं, कारण ऑर्केस्ट्रा म्हणजे तीन माणसं. एक संबळवाला, एक सनईवाला आणि तिसरा सनईच्या मागे उभा राहून एकच स्वर धरणारा. त्या वाद्यालाही सूरच म्हणतात. तो धरणारे माझे बाबा.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जव्हार-मोखाड्यात गावोगाव बोहाडा होतो. बाहेरच्यांना आमच्याकडचा तारपा माहीत असतो. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना त्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. बोहाड्याचं वाजप मात्र सोंगांच्या मागे राहतं. टेंभ्यांच्या उजेडात मुखवटा चढवून एकेक सोंग येतं: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. सोंग बदललं की संबळाची चालही बदलते. सरस्वतीला संथ, राक्षसाला अशी की पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात घुसतात. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, सगळे गोधड्या घेऊन तिथंच. कुणी पेंगतं, कुणी भजी खातं. गप्प बसा म्हणणारं कुणी नसतं.

बाबा भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून दोन दिवसांसाठी आले होते. उचल फिटायची होती. सूर धरणाऱ्याने वाजवणं थांबवायचं नसतं. गालात हवा साठवून ती सोडायची आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. मध्यरात्रीनंतर स्क्रीनवर बाबा खाली वाकलेले दिसले. खोकला थांबेना. सनईवाल्याने एकदा मागे पाहिलं आणि तो तसाच वाजवत राहिला. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा तो स्वर गेल्यावर सनई एकदम उघडी पडली. शेजारची आजी झोपेतच म्हणाली, “काय झालं रे?”

मी पाणी घेऊन धावलो. “भट्टीवर ऱ्हाऊ नका आता,” म्हणालो.

“तुझी फी तू भर मंग,” बाबा म्हणाले आणि हसले. हसल्याने पुन्हा खोकला आला.

दोन सोंगं तशीच, सुराशिवाय गेली. पहाटे जगदंबा आणि महिषासुराची लढाई सुरू व्हायच्या आत ते उठून सनईच्या मागे जाऊन उभे राहिले. मी मोबाइल खिशात घातला. लढाई लांबली. महिषासुराकडे कुणाचं लक्ष असेल ते असो, मी बाबांचे गाल मोजत होतो.

उजाडल्यावर त्यांनी सूर फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. “भट्टीवर धूळ जाते त्यात,” एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

घरी आल्यावर मी फुंकून पाहिला. दहा-बारा वेळा फुंकल्यावर एकदा काहीतरी वाजलं. आई चुलीकडून म्हणाली, “म्हशीला ताप आलाय का बघ.”