मन असलेली तलवार आणि मी पाठवलेला एक मेसेज

पोस्ट जरा मोठी आहे. सात वर्षं लिहायची टाळली होती, म्हणून लांबली असेल.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव पुण्याहून घरी आले होते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. रोज रात्री गच्चीवर चार-पाच पोरं जमायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी मला गाठलंच, "भाऊ, पोरं फासे टाकताहेत वर. लक्ष आहे ना?" मी तणतणत वर गेलो. फासे खरंच होते, पण वीस बाजूंचे. पैसे कुठेच नव्हते. कागद, पेन्सिली, चिवड्याचा डबा आणि एक हाताने काढलेला नकाशा.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी 1974 साली काढलेला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्र काय करणार ते खेळाडूने ठरवायचं, जमलं की फसलं ते फाशाने. आमचे चिरंजीव मास्टर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही लिहिता ना, मला एक तलवार बनवून द्या. मन असलेली."

मी म्हटलं, त्यात काय नवीन? आपण खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू लावतोच की. दसऱ्याला मी स्वतः पेन, कॅमेरा आणि मोबाईल पाटावर मांडून फुलं वाहिली. तो म्हणाला, "पूजा वेगळी. या तलवारीला स्वतःची इच्छा पाहिजे."

मग त्याने नियम समजावले. अशा तलवारीला माणसासारखे आकडे असतात. बुद्धी किती, शहाणपण किती, दुसऱ्यावर छाप पाडायची ताकद किती. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. तिला किती फुटांपर्यंत दिसतं ते ठरवायचं: तीस, साठ की एकशे वीस. ती बोलते, मनात बोलते, की नुसती भावना पोचवते, तेही ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचा हेतू काय. धन्याने हेतूविरुद्ध वागायचं ठरवलं की दोघांची झुंज लागते. तलवार जिंकली तर ती मागणी करते. मागणी धुडकावली तर ती धन्याचा ताबा घ्यायला बघते.

माझी पहिली तलवार फार हुशार होती. सगळ्या भाषा येतात, सल्ला देते, वाट दाखवते. पोरगा हसला. "पप्पा, हे गुगल झालं. हिला हवंय काय?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. रक्तपिपासू तलवार. तो म्हणाला, अशी आधीच आहे. 1979 च्या एका साहसकथेतली ब्लॅकरेझर. ती आत्मे खाते, आणि नव्या नियमांप्रमाणे तीन दिवस उपाशी राहिली की धन्याशीच भांडते. त्याच्याही आधी मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाने स्टॉर्मब्रिंगर नावाची तशीच तलवार लिहून ठेवलीय. "पण पप्पा, तलवार उघड वाईट असली की माझे मित्र पहिल्याच रात्री ती विहिरीत टाकतील. मला अशी पाहिजे की ती त्यांना सोडवणार नाही."

पोराचं म्हणणं बरोबर होतं. वाईट हेतूचं शस्त्र माणूस टाकून देतो. चांगल्या हेतूचं उशाशी घेऊन झोपतो.

मग आम्ही हेतू ठरवला, राखण. एका लोहाराचं मूल कुणीतरी उचलून नेलं. त्या दुःखात त्याने ही तलवार घडवली, पुन्हा गावातलं एकही मूल जाऊ नये म्हणून. बुद्धी 8. शहाणपण 9. छाप पाडायची ताकद 16. नजर फक्त तीस फूट. बोलता येत नाही, फक्त भावना पोचवते, आणि तिला एकच भावना येते, भीती. अनोळखी माणूस जवळ आला की मूठ गरम होते. धन्याला वाटतं ही भीती आपलीच आहे.

एवढं लिहून झालं आणि माझा हात थांबला. ही तलवार मी पाहिली होती. माझ्या खिशातच होती.

जून 2018. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. एका रात्री साडेअकराला मलाही आला. शहराच्या बातम्यांचा एक ग्रुप मी चालवायचो, अडीचशेच्या आसपास माणसं. मी तो मेसेज तिथे टाकला. वर स्वतःची ओळ जोडली, "खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी." वाईट हेतू नव्हता. माझं पोरगं तेव्हा बारा-तेरा वर्षांचं, सायकलवर क्लासला जायचं.

दुसऱ्या दिवशी आठवडे बाजारात एका फिरत्या माणसाला लोकांनी घेरलं. खांद्यावर मोठी झोळी, एवढाच गुन्हा. एका चहावाल्याने त्याला दुकानात ओढून शटर पाडलं, म्हणून तो वाचला. पोलीस आले. मी गेलो, फोटो काढला, बातमी दिली. अफवांवर विश्वास ठेवू नका, असा उपदेशही शेवटी जोडला. मग घरी येऊन रात्रीचा मेसेज डिलीट केला.

माझ्याच मेसेजमुळे ते झालं का, सांगता येणार नाही. असे मेसेज शंभर जणांनी पाठवले असतील. पण त्या शंभरात मी पत्रकार होतो.

1 जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागायला आलेली. हाच संशय, हीच अफवा. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. मी त्यावरही लेख लिहिला. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

पोराला विचारलं, "या तलवारीवर उपाय काय?" तो म्हणाला, ताबा घेतला तरी फार तर बारा तास. मधे धन्याला जखम झाली तर सुटायची आणखी एक संधी मिळते. आणि एकदा प्रयत्न केला की दुसऱ्या पहाटेपर्यंत तलवारीला पुन्हा ताबा घेता येत नाही. "पण तुम्ही काही वेगळं सुचवा."

मी सुचवलं, समोरच्याला नाव-गाव विचारून त्याचं उत्तर पूर्ण ऐकलं, की मूठ थंड होते.

त्या रात्री मी जिन्यात बसून ऐकलं. पोरांना तलवार फार आवडली. मग गोष्टीत रात्रीच्या वेळी एक झोळीवाला आला. मूठ तापली. ज्याच्या हातात तलवार होती तो आधी नको म्हणाला. पंधरा पाहिजे होते, फासा आठवर थांबला. नाव कुणीच विचारलं नाही. वार झाल्यावर चिरंजीवांनी सांगितलं, झोळीत लाकडी खेळणी होती. गच्चीवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी वर गेलो आणि पोरांना 2018 ची गोष्ट सांगितली. चिरंजीवांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाचं नाव काय होतं?"

दुसऱ्या दिवशी जुनं कात्रण काढून पाहिलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवलेला पहिला प्रश्न, 'कोण?' माझ्या बातमीत लिहिलंय, 'एक इसम'.

बाजारातल्या त्या चहावाल्याकडे परवा जाऊन आलो. त्यालाही नाव माहीत नाही. पण त्याने त्या दिवशी त्या माणसाला पाणी दिलं होतं. मी फोटो काढला होता.

आता निवडणुकांचे दिवस आहेत. "सावध राहा" छापाचे मेसेज पुन्हा सुरू झालेत, रात्री अकरानंतर जास्तच. माझ्या ग्रुपमध्ये आजपासून एक नियम: असा मेसेज सकाळपर्यंत थांबेल, आणि सकाळी पोलीस ठाण्यात मी स्वतः विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल ग्रुप सोडावा.

आणि 2018 च्या जूनमध्ये आमच्या बाजारात मार खाल्लेल्या त्या माणसाला कुणी ओळखत असेल, तर इथे कमेंटमध्ये नाव टाकू नका. मला फोन करा. मला त्याला भेटायचंय.